म्हशाचा तंबू आणि बायचा पाट

माझी आजी पाटाची होती. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला खालच्या आवाजात विचारायला नको. पहिला नवरा मेल्यावर तिचा माझ्या आजोबांशी पाट लागला आणि त्यांच्या पोटी माझा बाप जन्माला आला. बापाला जमिनीत वाटा मिळाला, भावकीत पंगतीला पान मिळालं, लग्नाला पोरगीही मिळाली. त्याला पाटाचा म्हणून कुणी बोट दाखवलं नाही. दाखवणार कोण? ज्याच्या त्याच्या घरात कुणी ना कुणी पाटाची होतीच.

शहापूर तालुक्यात शेणव्याच्या अलीकडं आमचं गाव. भातशेती करणाऱ्या कुणब्यांची घरं. आमच्याकडं पाट म्हणजे नवरा मेलेल्या बाईचं दुसरं लग्न. त्याला मांडव नाही, वाजंत्री नाही. वर्षभर गेलं की भावकीतलं जाणतं माणूस बापाला विचारायचं, 'पोरीचं काय करता?' बाप पोरीला विचारायचा. ती हो म्हणाली की माणूस बघायचा. मग एके दिवशी दिवेलागणीला मागच्या पडवीत दोघांना बसवायचं. बाईला नवं लुगडं, हातात काकणं, कपाळाला कुंकू. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी सुपारी फोडायची, आणि सगळ्यांनी वालाचं कालवण आणि भात जेवून घरी जायचं. झालं. जन्माची एवढी मोठी चढण बाईनं एकटीनं कशाला चढायची, इतका साधा विचार त्यामागं होता. हा विचार आमच्या अडाणी माणसांना सुचलेला होता. तो त्यांना कुणी शिकवला नव्हता.

परवा एका सभेत एक विद्वान बोलले. विषय होता सिनेमाचा समाजावर होणारा परिणाम. ते म्हणाले, जुन्या काळच्या बोलपटांनी खेड्यातल्या विधवेचं दुःख पहिल्यांदा चव्हाट्यावर मांडलं, खेड्यांना जागं केलं. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. उठून बोललो असतो तर सभ्य बोललो नसतो, म्हणून घरी येऊन लिहायला बसलो. आमचं खेडं कसं जागं झालं ते मी पाहिलेलं आहे.

तंबूपासून सांगतो. म्हशाची जत्रा पौषात भरते. सगळ्या मुलखाचे बैल तिथं येतात, घोंगड्या येतात, आणि आमच्या लहानपणी शेवटच्या टोकाला तंबू यायचा. टुरिंग टॉकीज हे नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आम्ही तंबूच म्हणायचो. बाहेर इंजिन धडधडायचं, आत मधोमध दोर बांधलेला. दोराच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये, खाली पेंढा. मालक बहुतेक देवाधर्माचे खेळ आणायचा. खेळाआधी तो पडद्यापुढं नारळ फोडायचा. लोक चपला बाहेर काढून आत यायचे, बाया ओंजळीत झेंडूची फुलं आणायच्या. पडद्यावर देवाच्या डोक्यामागं तेज फिरायला लागलं की सगळा तंबू हात जोडायचा आणि पुढच्या बाया उठून पडद्याच्या पायाशी फुलं ठेवून यायच्या. तंबूत येणं म्हणजे देवळात येणंच होतं. या गोष्टीला हसू नका. पुढचं सगळं तिच्यातून घडलं.

एका वर्षी त्यानं देवाचा नसलेला खेळ आणला. मी तेव्हा नऊदहा वर्षांचा असेन, बापाच्या मांडीशी बसलो होतो. एका शेतकऱ्याचा पोर शिकतो, साहेब होतो, टोपी घालून गावात येतो आणि सगळ्या गावासमोर चिखलानं भरलेल्या बापाच्या पायाला हात लावतो. माझा बाप हुंदके देऊन रडला. तोवर मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडी हाकता हाकता तो मागं वळून मला बघत होता. त्या पावसाळ्याच्या तोंडाला त्यानं मला शहापूरला शाळेत नेऊन घातलं. भावकी म्हणाली, "खुळा झालास काय? पोराचे हात आता कुठं कामाला यायला लागले." बा म्हणाला, "तंबूत बघितलाय मी. व्हतो पोर साहेब."

असा मी शिकलो. आमच्या गावचा पहिला बी.ए. मी आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तंबू नसता तर मी आजही बांधावर असतो. हे मी नाकारत नाही. उलट हेच माझ्या डोक्यात काट्यासारखं बसलेलं आहे.

माझ्याहून मोठी एक बहीण होती. तिला घरात सगळे बाय म्हणायचे. तिचं लग्न मुरबाडच्या बाजूला झालं होतं. नवरा मुदतीच्या तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. ती एक पत्र्याची पेटी आणि सासऱ्यानं दिलेली कालवड घेऊन परत आली, आणि आली ती सरळ लावणीच्या चिखलात उतरली. रडली नाही असं नाही, पण रडून झाल्यावर तोंड धुऊन कामाला लागली. तिची जीभ तिखट होती. बैलांची तिला फार आवड. आमच्या घरचे बैल बापापेक्षा तिचं ऐकायचे.

वर्ष झाल्यावर वैशाखरे गावचा एक माणूस समोर आला. मधल्या वयाचा, बायको बाळंतपणात गेलेली, घरात फक्त आई. आमच्याकडं एकदा बैल बघायला म्हणून तो आला होता. बैल पसंत पडला नाही, पण तो आणखी दोनदा आला. शेवटी बापानं बायला विचारलं, "वैशाखऱ्याचा माणूस कसा वाटतो गो?"

"बैलाला मारत नाय," बाय म्हणाली.

तो होकार होता. बापानं ओळखला. ठरलं असं, की म्हशाच्या जत्रेत दोन्हीकडची माणसं येणारच आहेत, तिथंच सुपारी फोडायची आणि पाटाचा दिवस धरायचा. आमच्यातली पुष्कळ जुळणी म्हशालाच व्हायची. बैल बघता बघता माणसंही बघून व्हायची.

मी तेव्हा कॉलेजात होतो, जत्रेसाठी घरी आलो होतो. म्हशाला दोन्ही गाड्या शेजारी शेजारी सोडल्या. वैशाखऱ्याच्या म्हातारीनं, म्हणजे त्या माणसाच्या आईनं, बायला स्वतःच्या घरची तांदळाची भाकरी दिली. बायनं ती खाऊन, "मीठ कमी पडलं मावशे," असं सांगितलं आणि म्हातारी खो खो हसली. "चांगली हाय, खरं बोलते," माझ्या आईला म्हणाली. सगळं इतकं सरळ चाललं होतं. सुपारी सकाळी फोडू, असं ठरलं. संध्याकाळ मोकळी होती. बाप आनंदात होता. म्हणाला, "चला, पावण्यांना शिनुमा दावतो."

सगळे गेले. बाय राहिली. बैलांपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं आणि तिला तंबूची हौसही नव्हती. आत तिच्या जन्माचा निकाल लागत होता तेव्हा ती बाहेर बैलांना पेंढा घालत होती.

तो बोलपट असा होता. मोठं घर, दगडी जिने, दारात तुळस. घरातली सून तरुणपणी विधवा होते. पांढरं लुगडं नेसून ती खांबाआड उभी राहते. घरात लग्न निघतं, ती ओवाळायला ताट घेऊन पुढं येते आणि सासू ताट उडवून देते. ती नवऱ्याच्या तसबिरीपुढं गाणं म्हणते. एक भला मास्तर तिला म्हणतो, माझ्याशी लग्न कर. ती म्हणते, पुढच्या जन्मी. मग ती खंगते आणि एका सकाळी तसबिरीपाशी मेलेली सापडते. शेवटी भिंतीवर तिची स्वतःची तसबीर लागलेली दिसते. तिला हार, पुढं समई, आणि मागून कुठून तरी उजेड येतोय, तो तिच्या डोक्याभोवती पडलाय.

बोलपट काढणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. मी शिकत होतो. त्याला म्हणायचं होतं, बघा या घरानं एका पोरीचा कसा जीव घेतला. पण म्हशाच्या तंबूला हार, समई आणि डोक्यामागचा उजेड यांचा एकच अर्थ ठाऊक होता. दोराच्या पलीकडं बाया उठल्या. हात जोडले. वैशाखऱ्याची म्हातारी सगळ्यांत पुढं होती. तिनं वाकून पडद्याच्या पायाशी डोकं टेकलं. माझ्या आईनं टेकलं. माझ्या शेजारी बसलेला म्हातारीचा लेक हात जोडून बसला होता आणि माझ्या बापाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

मला तेव्हाही वाईट काही वाटलं नाही. खेळ संपला की लोक डोळे पुसतात आणि भजी खातात, एवढंच मला माहीत होतं.

सकाळी सुपारी निघेना. म्हातारी गाडीच्या दांडीवर बसून राहिली.

"काय झालं?" बापानं विचारलं.

"रातभर डोळा नाय लागला भाऊ. ती बाय दिसते मला."

"कोन बाय?" बाय बैलाला पाणी दाखवत होती, तिथून तिनं विचारलं.

"शिनुमातली."

"कुठल्या गावची?"

"गावची कसली गो. मोठ्या घरची. नवरा मेला तर पांढरं नेसून बसली. दुसरा चांगला मास्तर आला, तरी नाय बोलली. देवी झाली ती. आमी पाया पडलो."

"मंग तिला शेत नसंल," बाय म्हणाली.

कुणी हसलं नाही. कालच्या भाकरीला हसलेली म्हातारी खाली बघत म्हणाली, "आमाला कळत नव्हतं तवर केलं आमी पाट. आता बघितलं ना. मोठी माणसं असं नाय करत. पाप लागंल काय, हेच मनात येतंय. एक वरीस जाऊ द्या. पुढच्या म्हशाला बोलू."

तिचा लेक उठून बैलांपाशी गेला. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी बोललो. मी म्हातारीला सांगितलं की तो बोलपट पाटाच्या बाजूचा आहे, ती बाई मेली ती पाट लावला नाही म्हणून, पडदा म्हणजे देऊळ नाही, तिथं नट असतात, रंग लावतात, घरी जाऊन जेवतात. म्हातारी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तू शिकतोस तिथल्या मोठ्या घरांत पाट लागतात काय रे बाबा?"

मला कॉलेजातला वर्ग आठवला. त्याला कारण होतं. त्याच वर्षी कॉलेजात सर विधवाविवाहावर शिकवत होते. केवढी थोर सुधारणा, समाजानं केवढा छळ केला, कुणी कुणी वाळीत पडलं. मी सरळ मनानं हात वर केला आणि म्हणालो, "सर, आमच्याकडं हे पहिल्यापासून आहे. माझी आजी पाटाची." वर्ग हसला. सर हसले नाहीत, ते चांगले होते. ते म्हणाले, "हो, तुमच्यात चालतं." आणि पुढं शिकवायला लागले.

तुमच्यात चालतं. जी गोष्ट त्यांनी केली तर क्रांती, ती आम्ही पिढ्यान् पिढ्या केली तर 'चालतं'. जसं आमच्यात खेकडे चालतात, घोरपड चालते. त्या दिवशी वर्गात मी खाली बसलो. बोलपटातही तेच होतं. दगडी जिन्याच्या घरातलं दुःख ते दुःख. त्यांच्या आळीत पोरींना कोंडत होते, तर त्यांनी आपल्या आळीसाठी रडावं, बोलपट काढावेत, माझी काही हरकत नाही. रोग त्यांचा, औषध त्यांचं. पण ज्यांना तो रोगच नव्हता त्यांच्या घशात ते औषध ओतलं, आणि आम्हाला रोग लागला. 

गावी परत आलो तर बातमी आमच्या आधी पोचली होती. तंबूला गेलेल्या आमच्या गावच्या बाया घरोघर ती गोष्ट सांगत होत्या आणि सांगताना रडत होत्या. शिमग्याच्या पुढं चुलतघरी लग्न निघालं. हळद दळायला बाय नेहमीसारखी जात्यावर बसली. एक चुलती तिला म्हणाली, "तू नको गो बसू. तू नुसती ओटीवर बस. आमी करतो."

"का? माझ्या हाताला काय झालं?"

"काय नाय झालं. पण तसं बरं नाय दिसत."

"गेल्या साली तुझ्या लेकीची हळद मीच दळली. नवरा तवा पन मेलेला व्हता. तवा नाय बाटली हळद?"

"तवा आमाला काय म्हाईत?" चुलती खरोखर मायेनं म्हणाली. यातलं सगळ्यांत भयंकर हेच, की कुणी दुष्ट नव्हतं. बोलपटातल्या सासूनं ताट उडवलं ते पाहून या बाया रडल्या होत्या आणि घरी येऊन त्यांनी तेच केलं, फक्त ताट न उडवता हळूच काढून घेतलं.

मग माझी आई मुरबाडच्या बाजारातून एक लुगडं घेऊन आली. पांढरं. आमच्यात पांढरं नेसवतात ते मढ्याला. बायनं घडी उलगडून बघितली.

"हे कोनाला आनलंस? कोन मेलं?"

आई म्हणाली, "नेस गो. लोकं मान देतील."

बायनं तिथल्या तिथं दातांत धरून ते फाडलं. एका तुकड्यात भाकऱ्या बांधल्या, एक तुकडा बैलबाजारासाठी बापाला दिला. आमच्याकडं बैलाचा सौदा तोंडानं करत नाहीत. घेणारा आणि देणारा हातावर फडकं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून किंमत सांगतात, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. "घे बा, सौद्याला झालं," ती म्हणाली. आई रडत बसली. बाप फडकं हातात धरून उभा राहिला.

मी सुट्टीला आलो तेव्हा बापाशी भांडलो. आयुष्यात एकदाच. म्हणालो, "तू पाटाच्या बाईचा लेक आहेस. तुला तरी कळायला पाहिजे. वैशाखऱ्याला जा, म्हातारीला ठणकावून सांग."

बाप अंगणात दोर वळत होता. त्यानं दोर खाली ठेवला.

"तंबूत पोर साहेब होताना बघितला. त्याच्यावर भरवसा ठेवून तुला शिकायला धाडला. सगळी हसली मला. ते खोटं निघालं काय?"

"नाही."

"मंग हे खोटं कसं?"

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मला उत्तर देता आलं नाही. आजही विद्वानांपैकी कुणाला येत असेल तर त्यानं माझ्या बापाला द्यावं, मला नको. पडद्यावर ज्यानं विश्वास ठेवून एक पोर वर काढला, त्याच विश्वासानं त्याची पोरगी बुडत होती. एकदा दिवा म्हणून पाहिलेला उजेड दुसऱ्या वेळी वणव्याचा असेल तर ओळखायचा कसा, हे त्याला कुणी सांगितलं होतं? तंबूवाला तर नारळ फोडून मोकळा.

पुढचं म्हसा आलं. बायनं वर्षभर त्या जत्रेची वाट पाहिली, पण तसं दाखवलं नाही. हिरवं लुगडं नेसून ती गाडीत बसली. आईनं लुगड्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं. म्हशाला पोचलो तर कळलं, लोकांनी मागणी केली म्हणून मालकानं तोच खेळ पुन्हा आणलाय. या वर्षी पाटीवर बाईचं मोठं चित्र होतं, आणि त्या चित्राला कुणीतरी खराखुरा झेंडूचा हार घातला होता.

वैशाखऱ्याची म्हातारी भेटली, पण बोलायचं टाळत होती. "आधी दर्शन घेऊन येते," म्हणाली. दर्शन म्हणजे तंबू. दिवेलागणीचा पहिला खेळ होता.

"मी पन येते," बाय म्हणाली. "जिच्यापायी माझा पाट अडला ती बाय बघू तरी."

बाप बैलांपाशी थांबला. मी बाप्यांच्या अंगाला बसलो. दोराच्या पलीकडं बाय दिसत होती, हिरव्या लुगड्यामुळं. खेळ सुरू झाला, तंबू रडायला लागला. खांबाआड पांढरी बाई उभी राहिली. तसबिरीपुढं गाणं झालं. तेवढ्यात बायचा आवाज आला, मोठ्यानं, शेतात हाक मारतात तसा.

"ही कवा काम करते गो?"

एक पोरगी फिस्सकन हसली. बाकीच्या "गप, गप" करायला लागल्या.

"नाय, खरंच इचारते. सकाळपासून रडते. हिचं भात कोन कुटतं?"

"अगो, पाप लागंल, गप बस!"

बाय उठली. पुढच्यांच्या पायांवरून, पेंढा तुडवत, पडद्याच्या उजेडातून ती सरळ बाहेर गेली. एक क्षण तिची सावली त्या पांढऱ्या बाईवर पडली. मी मागोमाग बाहेर आलो. मला वाटलं, रडत असेल. ती संतापली होती.

"हिच्यासाठी? या बिनकामाच्या बाईसाठी माझं वरीस गेलं?"

मी म्हणालो, "खोटी आहे गं ती. नटी आहे."

"खोटी असंल नाय तर खरी असंल. तिचं तिला. ती मेली तर माझ्या अंगावर का पांढरं?"

असं म्हणून ती बैलबाजाराकडं चालायला लागली. मी बरोबर. वैशाखऱ्याचा तो माणूस तंबूत गेला नव्हता. त्यानं एक खोंड विकायला आणला होता, आणि कंदिलाच्या उजेडात एका गिऱ्हाइकाबरोबर त्याचा सौदा चालला होता. हातावर फडकं, फडक्याखाली बोटं. भोवती आठदहा माणसं. बाय जाऊन समोर उभी राहिली.

"सौदा झाला काय?"

त्यानं दचकून हात काढला. फडकं खाली पडलं.

"मी काय फडक्याखाली बोटं दाबायला नाय आले," बाय म्हणाली. "सगळ्यांच्या देखत इचारते. पाट लावतोस काय? हो तर हो बोल, नाय तर नाय बोल. वरीस झालं."

भोवतीची माणसं बायकडं वळली. आमच्यात पाटाला बाईचा होकार लागतो, पण बाईनं जाऊन विचारायचं हे कुणी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक फडकं उचलायचं विसरलं. तो माणूस वाईट नव्हता, हे मी पुन्हा लिहितो. त्याला बाय हवी होती. कंदील त्याच्या तोंडावर होता आणि ते सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याचे ओठ हलले. मग त्यानं तंबूकडं बघितलं.

"आय आत हाय," तो म्हणाला. "भाईर आली का इचारतो."

"तुझं तोंड पन आतच हाय काय?"

कुणीतरी हसलं. त्यानं फडकं उचलून झटकलं. बाय खोंडाजवळ गेली, त्याच्या गळ्याखाली हात घातला. खोंड तिला हुंगायला लागला. ती तिथंच उभी राहिली, आणि मला कळलं की ती थांबणार आहे. तिनं त्याला तेवढा वेळ दिला. मागं इंजिन धडधडत होतं आणि पडद्यामागचं गाणं इथवर येत होतं.

खेळ सुटला. माणसं बाहेर पडायला लागली, सगळ्यांचे डोळे लाल. म्हातारी आली. लेक दिसला, मग लेकाच्या खोंडाजवळ उभी बाय दिसली. म्हातारी जवळ आली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती बायसमोर उभी राहिली आणि मला वाटलं, आता ही तिला पोटाशी धरणार.

म्हातारीनं बायला हात जोडले. आत पडद्याला जोडले होते तसे. आणि ती पायांकडं वाकायला लागली.

बायनं तिचा दंड धरून तिला वर उचललं.

"मावशे, मला हात नको जोडू. सून करतेस तर कर. नाय तर बाजूला हो, खोंड बिचकतोय."

म्हातारीनं लेकाकडं बघितलं. लेकानं खाली बघितलं. मग डोळे पुसत, जोडलेले हात न सोडता, म्हातारी बाजूला झाली.

बाय आमच्या गाडीकडं चालत आली. बापानं विचारलं, "काय बोलली?"

"पाया पडायला आली," बाय म्हणाली. "जू लाव बा. मला घरी जायाचं."

पाट लागला नाही, पुढंही कधी लागला नाही. दोन उन्हाळे गेल्यावर त्या माणसानं लग्न केलं, मांडव घालून, एका कोवळ्या पोरीशी. बाय आमच्याच घरी राहिली, आमच्याच शेतात राबली, आणि मरेपर्यंत रंगीत नेसली. तिचं वय वाढलं तशा गावातल्या बाया तिच्या पाया पडायला लागल्या. ती पाय मागं घ्यायची आणि एकेकीला शिव्या द्यायची. त्यांना वाटायचं, देवीचा राग आहे.

मुरबाडहून परत आली तेव्हा बाय नुसती नवरा मेलेली एक बाई होती. विधवा तिला तंबूनं केलं. सभेतल्या त्या विद्वानांना टाळ्या मिळाल्या, त्या मी मोजल्या नाहीत.